खासगी शाळांतील पंचवीस टक्के : जागा मोजल्या जातात, सरमिसळ मोजायची राहते

मुंबई : एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्याखालील प्रवेशांसाठी ऑनलाइन अर्ज सुरू झाले, तेव्हा पालकांसमोर आलेली शाळांची यादी पूर्वी कधीही नव्हती इतकी लांबलचक होती. आदल्या वर्षी ८,८२३ खासगी शाळांतील १,०१,८४६ जागा उपलब्ध होत्या. या वर्षी शाळा ७६ हजारांहून अधिक आणि जागा जवळपास ८ लाख ८६ हजार. आकडे पाहून कोणालाही वाटावे, की सरकारने दार सताड उघडले आहे. अर्ज भरायला बसलेल्या पालकांच्या मात्र काही मिनिटांतच लक्षात आले, की घराजवळच्या ज्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेसाठी आपण कागदपत्रे जमवत होतो, तिचे नाव यादीत नाही. यादीत दिसत होत्या त्या जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळा. तेथे प्रवेश घेण्यासाठी सोडतीची गरज एरवीही नव्हती.

परिणाम व्हायचा तोच झाला. २०२३-२४ मध्ये ३ लाख ६४ हजारांहून अधिक अर्ज आले होते. या वेळी उच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत ही संख्या सत्तर हजारांच्या आतच राहिली. जागा आठपटींहून अधिक वाढल्या आणि अर्ज एक पंचमांशावर आले. सरकारी योजनांच्या इतिहासात असा व्यस्त हिशेब क्वचितच पाहायला मिळतो. पालकांना काय हवे आहे, याचे इतके स्पष्ट उत्तर एखाद्या सर्वेक्षणातूनही हाती लागले नसते.

ही उलथापालथ घडवली होती ९ फेब्रुवारी २०२४ च्या एका अधिसूचनेने. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम १२(१)(सी) प्रत्येक खासगी विनाअनुदानित शाळेवर एक बंधन घालते : प्रवेशाच्या पहिल्या टप्प्यावरील किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचे. राज्याने आपल्या नियमांत बदल करून असे ठरवले, की ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटर परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, त्या शाळेला हे बंधन लागू राहणार नाही. महाराष्ट्रात, विशेषतः शहरांत, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा नाही अशी खासगी शाळा शोधावीच लागते. त्यामुळे कायद्यातील एकही शब्द न बदलता त्याचे एक संपूर्ण कलम नियमाच्या एका परंतुकाने निष्प्रभ झाले.

मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी या बदलाला स्थगिती दिली. १९ जुलै रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय व न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने तो रद्द ठरवला. तर्क सरळ होता. शाळा उपलब्ध करून देण्याचे सरकारचे कर्तव्य आणि राखीव प्रवेशाचे खासगी शाळांचे कर्तव्य ही दोन स्वतंत्र कर्तव्ये असून, एक पार पाडले म्हणून दुसरे सुटत नाही. आणि मूळ कायद्याने जे दिले, ते त्याखालच्या नियमाला काढून घेता येत नाही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा निर्णय कायम ठेवला. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सुनावणीत जो मुद्दा मांडला, तो कायद्याच्या तांत्रिक चौकटीपलीकडचा होता. दुर्बल घटकांतील मुलांच्या सहवासाने सुस्थितीतील मुलांनाही आपला देश खरोखर कसा आहे ते कळते, असा त्याचा आशय होता.

या एका निरीक्षणात कलम १२(१)(सी)चा मूळ हेतू सामावलेला आहे आणि गेल्या दशकभराच्या सार्वजनिक चर्चेतून नेमका तोच निसटला आहे. ही तरतूद गरीब मुलाला चांगल्या शाळेचे शुल्क माफ करून देणारी शिष्यवृत्ती आहे, असे पालक मानतात. संस्थाचालकांच्या लेखी ती सरकारने लादलेली उधारी आहे आणि सरकारच्या लेखी एक वाढत जाणारे देयक. ज्यांनी ती कायद्यात घातली, त्यांच्यासमोर मात्र प्रश्न वेगळा होता : पालकांच्या उत्पन्नानुसार मुलांच्या शाळा वेगळ्या होत गेल्या, तर ही मुले एकमेकांना भेटणार कुठे? कोठारी आयोगाने १९६६ मध्ये परिसर शाळेची कल्पना मांडली, ती याच काळजीतून.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या शाहू बोर्डिंग हाउसमध्ये सर्व जातींची मुले एका छताखाली राहू आणि एका पंगतीत जेवू लागली. पुढे गावोगावच्या संस्थाचालकांनी सरकारी अनुदानावर उभारलेल्या शाळांत शेतमजुराचा, तलाठ्याचा आणि डॉक्टरचा मुलगा एकाच वर्गात बसत असे. हे चित्र सर्वत्र तितकेच निर्मळ होते, असे म्हणण्याचे धाडस करता येणार नाही. पण अनुदानित शाळांचे इतके दाट जाळे देशातील फार थोड्या राज्यांत आहे आणि आजही राज्यातील विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा गट याच शाळांत शिकतो. त्या जाळ्यात नवी भर पडणे मात्र थांबले. महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, २०१२ नंतर नवी शाळा म्हणजे पालकांच्या शुल्कावर चालणारी शाळा, हेच सूत्र झाले. सरमिसळीची जी जागा अनुदानित शाळांनी आपसूक निर्माण केली होती, ती त्यानंतर केवळ २५ टक्के राखीव जागांच्या आधारे टिकवायची होती.

सरकारचा युक्तिवाद खोडून काढणे न्यायालयात सोपे होते. गावात जाऊन पाहिले, तर तो तितका पोकळ वाटत नाही. राज्यातील सुमारे १ लाख ८ हजार शाळांपैकी साठ टक्के शाळा सरकारच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आहेत, परंतु त्यांच्याकडील विद्यार्थ्यांचा वाटा एकूण संख्येच्या एक चतुर्थांशाच्या आसपास आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची मोजणी झाली, तेव्हा त्या १४ हजार ७०० च्या वर निघाल्या आणि ‘समूह शाळा’ योजनेचा वाद पेटला. आपल्याच शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या खासगी शाळेला आपणच पैसे देऊन आपला विद्यार्थी तिकडे पाठवायचा आणि मग पट कमी झाला म्हणून आपली शाळा बंद करायची, हे कुठले शहाणपण, असा प्रश्न शिक्षण खात्यातील अधिकारी खासगीत विचारतात. जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकही विचारतात, आणि त्यांच्या स्वरात हिशेबापेक्षा दुखावलेपण अधिक असते.

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर चुकीच्या ठिकाणी शोधले गेले. सरकारी शाळांचा पट राखीव जागांमुळे घटला, असे आकडे सांगत नाहीत. वर्षाला लाखभर राखीव जागा, आणि शालेय विद्यार्थी दोन कोटींच्या पुढे. शुल्क भरून खासगी शाळेत जाणाऱ्यांचा ओघ याच्या कैक पटींनी मोठा आहे. शिवाय राखीव जागा बंद केल्या म्हणून पालक जिल्हा परिषदेच्या शाळेत परतत नाहीत, हे २०२४ च्या त्या ओस पडलेल्या अर्जप्रक्रियेने दाखवून दिले. ज्याला परवडेल तो कर्ज काढून कमी शुल्काची इंग्रजी शाळा गाठतो. ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी सरकारी शाळा होतीच.

कर्नाटकाने हा प्रयोग महाराष्ट्राच्या पाच वर्षे आधी केला होता. तेथे २०१९ च्या प्रारंभी असाच नियम आला आणि त्याच वर्षी त्या राज्याच्या उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. २०१८-१९ मध्ये दीड लाखाच्या आसपास असलेल्या राखीव जागा पुढच्याच वर्षी वीस हजारांच्या आत आल्या. मुंबई उच्च न्यायालयासमोर महाराष्ट्राने कर्नाटक आणि केरळचे दाखले दिले, ते ग्राह्य धरले गेले नाहीत. पंजाबात राखीव जागेसाठी मुलाने आधी सरकारी वा अनुदानित शाळांत प्रयत्न केला पाहिजे, अशी अट २०११ पासून नियमांतच होती; पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बाजूला सारली. तमिळनाडूत २०२५-२६ चे प्रवेश केंद्र व राज्य यांच्यातील निधीच्या वादात महिनोन्‌महिने रखडले. एकाच केंद्रीय कायद्याचे हे एकच कलम. बेळगावच्या मुलाला त्याचा जो लाभ मिळतो तो सीमेपलीकडच्या चंदगडच्या मुलाला मिळतो त्याहून वेगळा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१-क मधील मूलभूत हक्काची अशी प्रादेशिक आवृत्ती निघणे चमत्कारिक आहे.

न्यायालयाच्या निर्णयानंतर महाराष्ट्रातील प्रक्रिया मूळ मार्गावर आली. २०२५-२६ साठी सुमारे ८,८०० शाळांत १ लाख ९ हजारांच्या आसपास जागा होत्या आणि ३ लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे मागणी पुरवठ्याच्या जवळपास तिप्पट. असे असूनही दरवर्षी काही हजार जागा रिकाम्या राहतात. अर्जदारांची रांग आणि रिकामे बाक एकाच वेळी कसे दिसतात, याचे उत्तर नकाशात आहे. २०२३-२४ मध्ये एकट्या पुणे जिल्ह्यातून ७७ हजारांहून अधिक अर्ज आले, जागा होत्या साडेपंधरा हजारांच्या आसपास. पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, ठाणे येथे एकेका नावाजलेल्या शाळेवर शेकडो अर्ज येतात. त्याच वेळी तालुक्याच्या ठिकाणच्या किंवा नावलौकिक नसलेल्या शाळांकडे कोणी फिरकत नाही. प्राधान्यक्रम अंतरावर ठरतो : आधी एक किलोमीटरच्या आतील मुले, नंतर एक ते तीन किलोमीटरची. गरीब वस्ती आणि श्रीमंत शाळा जिथे शेजारी आहेत, तिथेच ही तरतूद काम करते. शहरे मात्र दिवसेंदिवस अशी वाढत आहेत, की बंद फाटकाच्या वसाहतीजवळ त्याच वसाहतीसाठी शाळा उभी राहते आणि तिच्या तीन किलोमीटर परिघात राखीव जागेला पात्र ठरणारी घरेच कमी भरतात. अशा शाळेला कायदा मोडावाही लागत नाही; अंतरच तिचे काम करते.

पात्रतेची व्याख्या हा दुसरा पेच. महाराष्ट्रात ‘वंचित’ गटात अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागासवर्ग, दिव्यांग आणि एचआयव्हीबाधित बालके येतात आणि या गटाला उत्पन्नाची अट नाही. ‘दुर्बल’ गटासाठी मात्र पालकांचे वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांच्या आत असावे लागते. १ लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. मुंबई-पुण्यात धुणीभांडी करणारी आई आणि सुरक्षारक्षक बाप मिळून या आकड्याच्या कितीतरी पुढे जातात. कायद्याने ठरवलेले किमान वेतन एका कामगाराला मिळाले, तरी तो या मर्यादेबाहेर पडतो. कायद्याप्रमाणे मजुरी मिळणारा माणूस कायद्याप्रमाणे दुर्बल ठरत नाही, अशी ही मर्यादा आहे. दिल्लीने ती १ लाखावरून आधी अडीच लाखांपर्यंत आणि पुढे ५ लाखांपर्यंत नेली. महाराष्ट्रात ती जागची हललेली नाही. परिणामी उत्पन्नाचा दाखला हाच एक व्यवसाय झाला आहे. २०२४ मध्ये नागपुरात बनावट कागदपत्रांच्या आधारे प्रवेश मिळवल्याचे गुन्हे नोंदवले गेले; त्यातील पालकांचे समर्थन करण्याचा प्रश्नच नाही, पण खोटे बोलल्याशिवाय ओलांडता येणार नाही असा उंबरठा बांधणाऱ्यांनाही या प्रकरणातून काही शिकता आले असते.

छत्तीसगडमधील अशाच राखीव जागांचा अभ्यास अर्थतज्ज्ञ मॉरिसिओ रोमेरो आणि अभिजीत सिंह यांनी केला आहे आणि त्याचा निष्कर्ष या तरतुदीच्या समर्थकांना अवघडवणारा आहे. अर्ज करणाऱ्यांत पात्र कुटुंबांपैकी तुलनेने बऱ्या स्थितीतील कुटुंबे अधिक आढळली आणि सोडतीत नाव न लागलेली बहुतांश मुले शुल्क भरून खासगी शाळेतच गेली. म्हणजे सोडत जिंकल्याने मुलगा सरकारी शाळेतून खासगी शाळेत गेला, असे फारसे होत नाही. तो साध्या खासगी शाळेऐवजी जरा वरच्या खासगी शाळेत जातो. सर्वांत गरीब घर या रांगेत येतच नाही. ऑनलाइन अर्ज, रहिवासाचा पुरावा, भाडेकरार, जातीचा दाखला, पडताळणी समिती आणि ‘एसएमएस’वर येणारी मुदत हे सारे पार करायला ज्याचा एक दिवसाचा रोज बुडू शकत नाही, तो या स्पर्धेत मुळातच नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने तर अर्जाचे वेळापत्रकच गैरसोयीचे. बीडचा मजूर जानेवारीत कारखान्याच्या तळावर असतो.

तरीही ही तरतूद टाकून द्यावी का? या प्रश्नाचे उत्तर देताना दिल्लीकडे पाहावे लागते. तेथे २००७ पासून, म्हणजे हा कायदा येण्याच्याही आधी, सरकारी जमिनीवर उभ्या असलेल्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखणे भाग पडले होते. ज्या तुकड्या या नियमाच्या आधीच्या आणि ज्या नंतरच्या, त्यांतील श्रीमंत मुलांच्या वागण्यात काही फरक पडला का, हे गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने तपासले. २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शर्यतीसाठी जोडीदार निवडणे, अनोळखी मुलांशी रक्कम वाटून घेणे अशा प्रसंगांतून मुलांची पारख केली गेली. गरीब वर्गमित्रांसोबत शिकलेली श्रीमंत मुले अधिक उदार आढळली, गरीब मुलांबाबत भेदभाव कमी करणारी आणि त्यांच्याशी मैत्री करण्यास अधिक राजी आढळली. अभ्यासातील गुणांवर परिणाम नगण्य. इंग्रजीत किंचित घट, बाकी विषयांत नाही. ‘ही मुले आली की वर्ग मागे पडतो’ या संस्थाचालकांच्या आणि काही पालकांच्या ठरलेल्या तक्रारीला यापेक्षा ठोस उत्तर आजवर मिळालेले नाही.

परंतु हा परिणाम घडायचा, तर मुले खरोखरच एकत्र बसली पाहिजेत. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार राखीव जागेवरील मुलांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळेत बसवता येत नाही आणि पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य, गणवेश मोफत मिळायला हवेत. प्रत्यक्षात सहल, वार्षिक संमेलन, बस, ‘उपक्रम शुल्क’ अशा दारांनी पैसा आत येतोच आणि पैसा न भरणारे मूल त्या दिवशी घरी राहते. गैरहजेरीच्या नोंदवहीत त्याचे कारण लिहिले जात नाही. त्याहून सूक्ष्म अडथळा प्रवेशाच्या टप्प्याचा. शाळेला पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास २५ टक्क्यांचे बंधन तेथूनच लागू होते, असे कायदा सांगतो; मात्र शुल्काची प्रतिपूर्ती पहिलीपासूनच होते. त्यामुळे अनेक शाळांत राखीव प्रवेश पहिलीत दाखवला जातो. बाकीची मुले तोवर नर्सरीपासून तीन वर्षे एकमेकांच्या वाढदिवसांना जाऊन आलेली असतात, इंग्रजीला सरावलेली असतात. सहा वर्षांचे मूल अशा वर्गाच्या दारात उभे राहते, तेव्हा कागदावरची समानता त्याला किती उपयोगी पडत असेल, ते वर्गशिक्षिकेवर अवलंबून असते. अनेक वर्गशिक्षिका हे काम मनापासून करतात, हेही नोंदवले पाहिजे. त्यासाठी त्यांना वेगळे प्रशिक्षण वा वेळ मिळतो असे नाही.

आर्थिक बाजू थोडक्यात. महाराष्ट्र प्रति विद्यार्थी वर्षाला १७,६७० रुपये प्रतिपूर्ती देते. दरवर्षी ८० हजार मुले प्रवेश घेतात असे धरले, तर आठ इयत्तांत ती सहा लाखांच्या पुढे जातात आणि वार्षिक देयक हजार कोटींच्या वर पोहोचते. रक्कम वेळेवर मिळत नाही, हे संस्थाचालकांचे म्हणणे खरे आहे. थकबाकी दोन हजार कोटींहून अधिक असल्याचा दावा त्यांच्या संघटना करतात. छोट्या शाळेची यात खरोखर कोंडी होते. मोठ्या शाळेसाठी हे कारण असते. सवलतीच्या दरात जमीन मिळालेल्या आणि त्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवण्याची अट स्वीकारलेल्या शाळांना त्या मर्यादेपर्यंत प्रतिपूर्ती देय नाही, असे कलम १२(२) स्पष्ट सांगते, त्याची आठवण मात्र बैठकांतून फारशी निघत नाही.

सगळ्यांत मोठी गळती वरच्या टोकाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये कायदा वैध ठरवताना विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले आणि ६ मे २०१४ च्या ‘प्रमती’ निकालात सर्वच अल्पसंख्याक शाळांना. अल्पसंख्याक म्हणजे केवळ धार्मिक नव्हे, भाषिकही. आणि भाषिक अल्पसंख्याक कोण, हे राज्यागणिक ठरते. मुंबईत गुजराती, सिंधी, हिंदी भाषक विश्वस्त संस्थांच्या अनेक नामांकित शाळा या दर्जामुळे २५ टक्क्यांच्या बाहेर आहेत. याच न्यायाने इंदूर, बडोदा वा बेळगाव येथे मराठी मंडळींनी स्थापन केलेल्या शाळांनाही हा दर्जा मागता येतो. भाषा आणि संस्कृती जपण्यासाठी घटनेने दिलेले हे संरक्षण मोलाचे आहे. पण राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालात असे नमूद आहे, की अल्पसंख्याक शाळांतील निम्म्याहून अधिक विद्यार्थी त्या समुदायाचे नसतातच आणि वंचित घटकांतील मुलांचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आहे. आयोगाच्या हेतूंविषयी शंका घेणारे आहेत आणि त्या शंकांना आधारही असू शकतो. तरीही ज्या शाळेत इतर समुदायांची शुल्क भरणारी मुले चालतात, तिथे शुल्क न भरणारे शेजारचे मूल आल्याने संस्कृतीला धोका कसा पोहोचतो, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न आता पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेसंबंधीच्या, महाराष्ट्र व तमिळनाडूतून गेलेल्या प्रकरणांत न्यायमूर्ती दीपंकर दत्ता आणि न्यायमूर्ती मनमोहन यांच्या खंडपीठाने ‘प्रमती’ निकालाच्या योग्यतेबद्दल शंका व्यक्त केली आणि तो विषय मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवण्याचे निर्देश दिले. बातम्यांत गाजली ती शिक्षकांना पात्रता परीक्षा सक्तीची करण्याची बाब, कारण लाखो नोकऱ्या त्यावर अवलंबून होत्या. शाळांच्या दृष्टीने त्या निकालातील दुसरा भाग अधिक दूरगामी ठरू शकतो. मोठ्या पीठाने भूमिका बदलली, तर महानगरांतील आजवर बाहेर राहिलेल्या शाळांचे दरवाजे प्रथमच या सोडतीत येतील.

तोवर शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर दरवर्षी चार आकडे झळकत राहतात : शाळा, जागा, अर्ज, निवड. राखीव जागेवरील मुले त्या शाळेत टिकली का, कोणत्या इयत्तेत गळाली, कोणत्या शाळांत हे प्रमाण प्रत्यक्षात २५ टक्के आहे आणि कोणत्या शाळांत ते पहिलीत २५ आणि पाचवीत दहा होते, हे त्या चार आकड्यांतून कळत नाही. कळू शकत नाही असे मात्र नव्हे. ‘सरल’ प्रणालीत राज्यातील प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र क्रमांक आहे, शाळा बदलली तरी तो बदलत नाही. ‘यू-डायस प्लस’मध्ये सामाजिक प्रवर्गाची नोंद होते. राखीव प्रवेशाची नोंद या क्रमांकाशी जोडून दर वर्षी प्रसिद्ध करायला नवा कायदा लागत नाही, नवी समितीही लागत नाही.

आणि त्यातही आठवीच्या पुढचे. चौदा वर्षांपर्यंतच हक्क असल्यामुळे राखीव जागेवरील मुलाला नववीत त्याच वर्गात, त्याच मित्रांसोबत बसायचे, तर पूर्ण शुल्क भरावे लागते. आठ वर्षे इंग्रजी माध्यमात शिकलेले मूल त्या जूनमध्ये एकतर आईवडिलांना कर्जात ढकलते किंवा महापालिकेच्या अथवा अनुदानित मराठी शाळेत जाऊन बीजगणिताच्या संज्ञा नव्याने शिकते. २०१२-१३ मध्ये पहिलीत आलेली मुले खंड न पडता शिकत गेली असतील, तर २०२४ मध्ये बारावी झाली. त्यांच्यापैकी किती जण नववीत त्याच शाळेच्या फाटकातून आत गेले, हे त्यांच्या क्रमांकांवरून एका दुपारी काढता येईल.